वस्तादांना विचारलं का?

यवतच्या एका ढोल-ताशा पथकाची ही गोष्ट. पथकाचं नाव सांगायचं कारण नाही. गोष्ट आहे ती त्या पथकावर जीव टाकणाऱ्यांची.

पुणे-सोलापूर रस्त्याला लागून एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ, चार बाकडी आणि भिंतीवर टीव्ही. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठच्या हातात ताशाच्या काड्या दिल्या तर त्या पडायच्या, कमरेला ढोल बांधला तर धाप लागायची. पण पथकाची सुपारी उरुळीला असो, केडगावला असो की थेट पुण्यात, टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा शेठची. वर्गणीत पहिलं नाव त्यांचं. वस्तादांनी ताशावर पहिला रट्टा दिला की आख्ख्या गर्दीत ज्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तो माणूस म्हणजे शेठ.

वस्तादांनी हे पथक उभं केलं होतं. ताशाला कातडी पान असायचं आणि मिरवणुकीआधी ते शेकोटीवर धरून तापवायला लागायचं, तेव्हापासूनचा त्यांचा हात. पुढं कातड्याची जागा फायबरच्या पानानं घेतली, दहा ढोलांचे साठ झाले, पण ताशांच्या रांगेत मधोमध वस्ताद उभे, हे काही बदललं नव्हतं.

2024 च्या गुढीपाडव्याला वाद्यांची पूजा झाली. नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला. वस्तादांनी आपल्या काड्या कपाळाला लावल्या आणि कडेला उभ्या असलेल्या एका बाईच्या हातात दिल्या.

"आता ह्या बघतील," एवढंच बोलले आणि चपला घालून घरी गेले.

ती बाई गावातल्याच एका घरची सून. लग्नाआधी पुण्यात कॉलेजात असताना तिथल्या एका पथकात ताशा वाजवायची. यवतला आल्यावर दोन वर्षं रांगेच्या टोकाला उभी राहून वाजवत होती. पोरं तिला वहिनी म्हणत. वहिनीला चहा मागता येतो, वहिनीची चेष्टा करता येते. वहिनीनं "पुन्हा घ्या, चुकलं" म्हटलं तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात चर्चेला ऊत आला. पहिल्या चहाला कळलं की कमिटीनं वस्तादांना काढलं. दुसऱ्या चहाला कळलं, हिशेबावरून वाजलं. दुपारपर्यंत भावकीचं राजकारण निघालं आणि संध्याकाळी तर पुण्याच्या एका मोठ्या पथकानं वस्तादांना लाखाची बोली लावल्याचं पक्कं झालं. जो सांगे तो शपथेवर सांगे. शेठनं स्वतःच्या पैशानं फ्लेक्स लावला. वस्तादांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: "आमचे वस्ताद एकच." वर्गणी बंद झाली. दोन पोरांना घरून सांगणं आलं की बाईमाणसाच्या हाताखाली वाजवायचं नाही.

त्यात वहिनीनं सराव सुरू केला तो भलत्याच रीतीनं. कालव्याच्या कडेला मोकळ्या रानात तिनं सगळ्यांना आधी बिनवाद्याचं उभं केलं आणि टाळ्यांवर मात्रा मोजायला लावल्या. मग ढोल निम्म्या लयीत. आणि तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून कानात घालायचे स्पंजचे प्लग काढून वाटले.

"85 डेसिबलचा आवाज माणूस दिवसाला आठ तास सोसू शकतो," ती पोरांना म्हणाली. "पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आपण ताशाजवळ किती वेळ उभे असतो?"

पोरं गप्प. पण ही बातमी हॉटेलात पोचली आणि हसून हसून बाकडी हलली. "कानात बोळे घालून ताशा! उद्या डोळ्यांला पट्टी बांधून लेझीम!" शेठ हसले नाहीत. त्यांना ते फार लागलं. वस्तादांच्या पथकात कानात बोळे? त्यांनी एक अर्ज लिहून घेतला: वस्तादांना सन्मानानं परत बोलवावं. सव्वादोनशे सह्या झाल्या. वस्तादांच्या नावानं गावात एवढं सगळं चाललं होतं. वस्तादांच्या घराची कडी मात्र कुणी वाजवली नाही. "त्यांना कशाला दुखवायचं," असं प्रत्येकानं प्रत्येकाला सांगितलं.

जुलै उजाडला. 3 तारखेला तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामी आली. त्या दिवशी यवतात चुलीला उसंत नसते. भाकरी घरोघरी थापल्या जातात, पिठलं काळभैरवनाथाच्या देवळाशी मोठाल्या कढयांत रटरटतं आणि आख्खा सोहळा पिठलं-भाकरी खाऊन तृप्त होतो. शेठ दरवर्षीप्रमाणे वाढपाला उभे होते. रात्री गर्दी थोडी ओसरली तेव्हा त्यांना एका दिंडीच्या कडेला वस्ताद बसलेले दिसले. पाडव्यानंतर पहिल्यांदाच. शेठनं हात पुसले, खिशातला अर्ज चाचपला आणि शेजारी जाऊन बसले. टाळ-मृदंग चालूच होता.

"वस्ताद," शेठ गहिवरून म्हणाले, "आता परत या."

वस्तादांनी मान हलवली आणि मागं बोट केलं. "परात? ती काय, भाकरीच्या ढिगापाशी."

शेठला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. वस्तादांनी पुन्हा परातीकडं बोट केलं, आणि मग शेठच्या चेहऱ्याकडं बघून त्यांचा हात तसाच खाली आला. त्यांनी शेठला दंडाला धरलं आणि आवाज कमी होता तिथं, देवळाच्या मागं नेलं.

"कान गेलेत, शेठ," ते म्हणाले. "सगळे न्हाईत. बारीक, चिरका आवाज गेला. डॉक्टर म्हणला, इतकी वर्षं ताशा कानाशी वाजला, आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत न्हाईत. ढोल अजून छातीत वाजतो. ताशा मात्र हात हलताना दिसतो तेवढाच. मागल्या गणपतीत माझ्या ताशाचं पान ढिलं पडलं होतं. आख्खी मिरवणूक मी तसाच वाजवत गेलो. कुणी बोललं न्हाई, कुणाची छाती? ह्या पोरीनं दुसऱ्या दिवशी घरी येऊन हळूच विचारलं. तवाच ठरवलं, काड्या हिच्या हातात."

"मग ते कानातले..."

"मीच सांगितलं तिला. माझं झालं ते पोरांचं नको व्हायला. आणि कुणाला सांगू नको हेही मीच म्हणालो. कान गेलेला वस्ताद म्हणून गावानं कीव करायला नको होती मला. तिनं शब्द पाळला." वस्ताद थांबले. "ह्यात माझं चुकलंच. तिच्यावर दगड पडत होते आणि मी घरात बसून होतो."

शेठनं खिशातला अर्ज काढला नाही. "आम्ही तुमच्या मानासाठी भांडत होतो हो, वस्ताद."

"मान राखलात. माणसाची विचारपूस तेवढी राहिली."

पलीकडं दिंडीत विणेकऱ्याचा पहारा बदलत होता. गळ्यातली वीणा एकानं काढली आणि भुईला न टेकवता दुसऱ्याच्या गळ्यात घातली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. मागून आलेला म्हातारा वारकरी नव्या विणेकऱ्यापुढं वाकला. आधीचा कोण होता, कसा उभा राहायचा, ह्याची चौकशी त्यानं केली नाही. वस्ताद म्हणाले, "पाडव्याला मी हेच करायला बघत होतो. पण वाकायला कुणी आलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी वरवंडच्या वाटेला लागली. संध्याकाळी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. क्रिकेटचा विश्वचषक जिंकून आलेला भारताचा संघ मुंबईत उतरला होता आणि वानखेडेवर लोक हार्दिक पांड्यासाठी "हार्दिक, हार्दिक" म्हणून घसा फोडत होते. हॉटेलातही तोच गजर. कोपऱ्यातून एक शाळकरी पोरगा शेठला म्हणाला, "शेठ, एप्रिलमध्ये ह्याच वानखेडेवर ह्यालाच हुर्यो केली होती की. आयपीएलमध्ये रोहितला काढून ह्याला मुंबईचा कॅप्टन केला म्हणून. तुम्ही तर इथून टीव्हीला शिव्या घालत होता."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "तेव्हा गोष्ट वेगळी होती." काय वेगळी होती, ते त्याला सांगता आलं नाही. एप्रिलमध्ये माणूस तोच, हात तेच. वर्ल्डकपच्या फायनलला शेवटची ओव्हर त्यानं टाकली आणि कप आला, एवढंच मधल्या काळात झालं होतं.

तेवढ्यात वस्ताद आत आले. टीव्ही बंद करायला सांगून त्यांनी उभ्याउभ्या सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "सूनबाईला मीच बसवलंय. तिला बोल लावायचा तर आधी मला लावा."

गाव काही एका रात्रीत बदललं नाही. काहींनी माना खाली घातल्या. काही म्हणाले, आधी सांगायचं ना मग. दोघांनी तर नवंच काढलं: वस्तादांना असं बोलायला भाग पाडलं असणार. शेठनं मात्र त्याच रात्री फ्लेक्स उतरवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालव्याकाठी जाऊन बसले. इतकी वर्षं टेम्पोत पुढं बसणाऱ्या शेठनं सराव कधी बघितलाच नव्हता. आठवडाभर ते नुसते बसून ऐकत राहिले. मग एका संध्याकाळी घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, राग मानू नका, पण टोलाची घंटा मागं ओढतेय."

वहिनीनं वादन थांबवलं. पुन्हा घेतलं आणि ऐकलं. "बरोबर आहे शेठ," ती म्हणाली. "आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. आपली रांग तीस मीटरची. टोलवाला शेवटी उभा आहे, म्हणजे ताशाचा ठोका त्याच्या कानी जाईस्तोवर सेकंदाचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला. तो ऐकून वाजवतो, म्हणून मागं पडतो." तिनं टोल उचलून रांगेच्या मधे आणला आणि सगळ्यांना कानापेक्षा ताशाच्या हातावर नजर ठेवायला सांगितलं. चौथ्या आवर्तनाला ठेका बसला. तीन महिने हॉटेलात बसून शेठनं जेवढी टीका केली होती, त्यातली एक ओळ पथकाच्या कामी आली नव्हती. हे एक वाक्य आलं.

ऑगस्ट संपता संपता हरित लवादानं पुण्यातल्या पथकांना तीसच वादकांची अट घातली. हॉटेलात एकजण लगेच म्हणाला, "वस्ताद असते तर ही वेळ आली नसती!" जणू सूनबाईनंच लवादाकडं अर्ज केला होता. पुढं 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या अटीला स्थगिती दिली. त्याचं श्रेय सूनबाईला द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही. शेठ भजी तळता तळता एवढंच म्हणाले, "वस्तादांना विचारलं का?"

त्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक निघाली. लय पूर्वीपेक्षा जरा संथ होती. काहींना ती रुचली, काही अर्ध्यातून निघून गेले. बक्षीस आलं नाही. ज्या दोन पोरांना घरून मनाई झाली होती त्यातला एक परत आला होता, एक नव्हता. वस्ताद पहिल्या ढोलाच्या कड्यावर तळवा टेकवून सोबत चालत होते, आणि एका जागी त्यांनी वहिनीला खूण केली, लय थोडी चढव. तिनं चढवली. यवतात आजही कुणी कुणाच्या वतीनं तावातावानं बोलायला लागलं की समोरचा विचारतो, "वस्तादांना विचारलं का?" आणि निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

तात्पर्य: ज्याच्या नावानं भांडायचं, त्याच्या दारात आधी जाऊन यावं. आणि जो नव्यानं उभा राहिलाय, त्याला नावं ठेवायचीच असतील तर खुशाल ठेवावीत, पण आधी त्याचं वाजवणं बसून ऐकावं. घरबसल्या केलेल्या कौतुकानं जुन्याचं पोट भरत नाही आणि घरबसल्या दिलेल्या शिव्यांनी नवा सुधारत नाही.