गप्प बस म्हणण्याआधी



मागे एका रविवारी मिस्सानंतर आपल्यातील एक आई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "फादर, लेकरू तिसरीत आहे. रोज शाळेतून तक्रार येते. एका जागी बसत नाही, अभ्यास अर्धवट टाकून उठतो. बाई म्हणतात, लाडाने बिघडवलंय. घरचे म्हणतात, चांगला बदडून काढा. मी काय करू?" मी खाली पाहिले. त्याच मुलाला मीही दोनदा धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर उभे केले होते.

मार्कच्या शुभवर्तमानात (10:46-52) आंधळा बार्तीमय यरीहोच्या वाटेवर बसून ओरडतो. लोक त्याला दटावून गप्प करू पाहतात. येशू मात्र थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि त्याला काय हवे आहे ते विचारतो. गर्दीला गोंगाट ऐकू आला, येशूला गरज ऐकू आली.

काही मुलांच्या चंचलतेमागे एडीएचडी असते. हा मेंदूच्या वाढीतील फरक आहे. तो पुष्कळदा आनुवंशिक असतो; लाडाने होत नाही आणि माराने जात नाही. जगभरात शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत तो आढळतो, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघे असू शकतात. त्यातले एखादे, विशेषतः मुलगी, दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसते आणि 'आळशी' ठरते. अर्थात प्रत्येक खोडकर मूल असे नसते. घरी आणि शाळेतही, सहा महिन्यांहून अधिक काळ हेच दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. निदान त्यांनीच करायचे असते.

शिक्षकांना मी दोष देत नाही. भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम, आणि याविषयी त्यांना फारसे कुणी शिकवलेलेही नसते. पण लेकराची अडचण अनेकदा प्रथम त्यांच्याच नजरेस पडते. त्याला पुढच्या बाकावर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. काम लहान तुकड्यांत द्यावे. मध्येच खडू आणायला पाठवावे. जमले की लगेच शाबासकी द्यावी. शिक्षण हक्क कायद्याने (2009) शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचाही समावेश आहे. आरोग्य पथक शाळेत आले की शिक्षकांनी व पालकांनी आपली शंका मोकळेपणाने सांगावी. त्यात लाज कसली?

आता ते लेकरू धर्मशिक्षणाच्या वर्गात माझ्याजवळ बसते आणि पुस्तके वाटते. अजूनही उठते. पण मी त्याला बाहेर काढत नाही.

आपल्या उदगीरच्या शाळांतील सर्व गुरुजनांसाठी व आईवडिलांसाठी या आठवड्यात प्रार्थना करू या. गोंगाटामागची हाक ऐकण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो. आमेन.