ख्रिस्ती कॉलेजातले गणित वेगळे असते का?

मुले ख्रिस्ती कॉलेजात सायन्सला गेली, तरी आईवडिलांना काळजी वाटते : श्रद्धा टिकेल ना?

बेल्जियममधील लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवणारे धर्मगुरू फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी अशा संशोधनात निर्मात्याची साक्ष पाहिली. फादरांना ही सरमिसळ रुचली नाही. सिद्धांताची पारख विज्ञानानेच व्हावी, असे त्यांचे मत होते. तरीही ते अखेरपर्यंत श्रद्धावंत धर्मगुरूच राहिले.

बंधुभगिनींनो, गणित सर्वत्र सारखेच. पण हवे ते उत्तर यावे म्हणून आकडा न बदलणे, हीदेखील देवासमोरची सचोटीच आहे. प्रयोगवहीत खरे तेच लिहिणारे मूल देवापासून दुरावत नाही.