दुपारच्या जेवणाची वेळ

मधुमेह झालेल्या मुलाच्या आईवडिलांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या कामाचा थोडा भाग स्वतःकडे घेणारा क्वचित भेटतो. कुही तालुक्यातील एका शाळेत शिकवीत असताना हे मी जवळून पाहिले.

पाचवीतल्या एका विद्यार्थ्याला टाइप १ मधुमेह होता. त्याची आई हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जात असे. ‘इतक्या लहान पोराले शुगर कशी झाली?’ असे तिला गावात वारंवार विचारले जाई, आणि त्या प्रश्नात तिने मुलाला काय खाऊ घातले असेल, हा आरोप दडलेला असे. वास्तविक या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याने तो उद्भवत नाही. हे त्या माउलीला, आणि तिच्यादेखत शेजाऱ्यांनाही, कोणीतरी स्पष्टपणे सांगणे आवश्यक होते. अपराधभावनेने ग्रासलेला पालक जडीबुटीकडे लवकर वळतो, आणि अशा मुलाचे इन्सुलिन बंद पडले, तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साठून प्राणावर बेतते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तोवर या निदानाचा अर्थ मृत्यू हाच होता. औषधाने मृत्यू दूर सारला आणि त्याच्या जागी आयुष्यभराचे नित्यकर्म आणून ठेवले.

त्या नित्यकर्मात ढिलाईला वाव नाही. मिरचीने भगभगणारे हात आईने नीट धुतल्याखेरीज सुईला लावायचे नाहीत. मुलाच्या बोटाला गूळ लागलेला असेल, तर यंत्र साखर खोटीच वाढलेली दाखवते. म्हणून त्याचेही हात धुवायचे. कुपी मिलिलिटरला ४० युनिटांची आणि सिरिंज चुकून १०० च्या प्रमाणाची आली, तर त्याच आकड्यापर्यंत भरलेली मात्रा निम्म्याहून कमी पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घरी फ्रिज नसेल, तर एका मडक्यात दुसरे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरायची आणि कुपी आतल्या मडक्यात जपायची.

नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील अशा मुलांना विनामूल्य इन्सुलिन पुरवले, हे कार्य थोर आहे. परंतु कुपी हाती आल्यानंतरचा प्रत्येक दिवस घरच्यांनाच निभवावा लागतो, आणि त्या दिवसातले कित्येक तास मूल शाळेत असते.

सकाळी टोचलेल्या मिश्र इन्सुलिनचा जोर दुपारी चढतो. तेव्हा पोटात अन्न हवेच. खिचडी उशिरा शिजली, तर इतर मुलांना केवळ भूक लागते. या मुलाला घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरली, की पाण्यात तीन लहान चमचे साखर घालून पाजायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. या भीतीपोटी त्याची आई काम सोडून दुपारी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राही आणि तिची अर्धी मजुरी बुडे. आम्ही त्याच्या जेवणाची वेळ सांभाळायचे ठरवले. खिचडी झाली नसेल, तर डब्यातली पोळी. साखरेची पुडी टेबलाच्या खणात ठेवली आणि ती कशासाठी आहे, हे सर्व शिक्षकांना सांगितले. हळूहळू तिचे येणे थांबले. शाळेला यासाठी खर्च असा काहीच आला नाही, आणि म्हणूनच ही व्यवस्था प्रत्येक शाळेत असावी, असा माझा आग्रह आहे.

मूल बारा-तेरा वर्षांचे झाले आणि स्वतः सुई घेऊ लागले, की घरचे निर्धास्त होतात. ते फार लवकर होते, असे मला वाटते. टोचण्याचे कौशल्य पटकन साधते. मात्रा ठरवण्याची समज आणि मित्रांदेखत सुई घेण्याचे धैर्य यायला वर्षे लागतात. त्या काळात वडीलधाऱ्यांनी सिरिंजवरचा आकडा शांतपणे पाहावा आणि वहीतली वाढलेली साखर पाहून रागावू नये. ओरडा खाल्लेले मूल वहीत खरे आकडे लिहिणे सोडून देते, आणि डॉक्टरांना त्याच वहीवरून पुढची मात्रा ठरवावी लागते.