जुन्या यंत्राशी इमान

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९५९ साली तयार झालेला ‘बासमन’ ॲम्प्लिफायर आज एखाद्याच्या हाती आला, तर त्याने त्याचे काय करावे? प्रश्न वरकरणी मेस्त्रीचा आहे. आम्हाला तो नीतीचाही वाटतो. (आम्हाला गिटार वाजविता येत नाही, परंतु खुद्द फेंडर यांनाही ती येत नसे, म्हणून हे धाडस.)

बास गिटारसाठी केलेले हे यंत्र साध्या गिटारवादकांनीच आपलेसे केले. चार दहा इंची स्पीकर, मंद उजळणारे व्हॉल्व्ह आणि आवाज चढवीत नेला की सुरांना येणारा तो किंचित खरखरीत गोडवा! लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प्लिफायर घडला, तो याच मांडणीवरून. अशा वस्तूला हात लावू नये, तिचा मूळपणा हीच तिची किंमत, असे संग्राहक म्हणतात. बाजारभाव त्यांच्याच बाजूने आहे.

पण आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न वापरताही सुकत जातात आणि घुरघुर वाढते. त्याहून गंभीर गोष्ट विजेच्या जोडणीची. त्या काळी प्लग दोन पिनांचा असे, अर्थिंग नसे, आणि विजेची एक तार एका लहानशा कपॅसिटरमार्फत यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असे. तो कपॅसिटर आतून निकामी होऊन शॉर्ट झाला, तर सांगाड्यात वीज उतरते. आणि गिटारच्या तारा त्याच सांगाड्याशी जोडलेल्या असतात. वादकाची बोटे तारांवर असताना ओठ मायक्रोफोनला लागले तर काय होईल, हे सांगावयास नको. अमेरिकेतील मेस्त्री या तुकड्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात.

तो काढावा, तीन पिनांची वायर बसवावी, सांगाड्याला अर्थिंग द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालक ‘राहू द्या’ म्हणाला तरी मेस्त्रीने ऐकू नये. वाजविणारा नेहमी मालकच असतो असे नाही. उद्या त्याचा मुलगा असेल, परवा एखादा पाहुणा.

येथून पुढे मात्र मेस्त्रीचाही हात आवरता हवा. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल, स्पीकरचा कागद फाटलेला नसेल, तर ते तसेच असू द्यावेत. फळी-फळी बदललेले थिसियसचे जहाज तेच राहते काय, यावर सेमिनरीत आम्ही तासन्‌तास वाद घातला. कुजक्या फळीवर उभे कोण राहणार, हे मात्र कोणी विचारले नाही. चांगले मेस्त्री काढलेले जुने भाग पाकिटात घालून मालकाला परत देतात. आणि आत हात घालण्यापूर्वी मीटर लावून पाहतात. प्लग काढल्यानंतरही तेथे चारशेहून अधिक व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.