‘कानडी असला तरी चांगला’: या ‘तरी’चं काय करायचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या बेळगाव-निपाणी भागात एक वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललोय. “शेजारी कानडी असला तरी माणूस चांगला आहे.” बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. पण त्या ‘तरी’त काय दडलंय बघा. चांगला निघाला तो एकटा. बाकीच्यांबद्दलचं आपलं मत जागच्या जागीच राहिलं. पलीकडच्या घरात हेच वाक्य मराठी माणसाबद्दल बोललं जात असणार. या ‘तरी’लाच आपण अढी म्हणतो.

अढी फक्त वाईट माणसांच्या मनात असते असं नाही. मनाला मोळ्या बांधायची सवयच आहे. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला शाळकरी मुलांवर प्रयोग केले. अगदी क्षुल्लक कारणावरून मुलांचे दोन गट पाडले. कुणाला कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली, एवढंच कारण. गटातले बाकीचे कोण, हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना बहुतेकांचा हात आपल्या गटाकडे झुकला. काही भांडण नसताना हे होतं, मग जिथे जुनी जखम आहे तिथे काय होईल?

आणि जखम आपल्याकडे आहेच. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1967 ला महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एकाच 1 नोव्हेंबरला एका घरी राज्योत्सव आणि शेजारच्या घरी काळा दिन, असं बघत आपली मुलं मोठी झाली. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांमधली बससेवा विस्कळीत झाली. त्या दिवसांत आपल्या कुटुंब-ग्रुपवर काय काय फिरत होतं, ते आठवा. आमच्यापैकीही काहींनी एक जुना व्हिडिओ आजचा समजून पुढे पाठवला होता. कळल्यावर खोडला, पण तोवर तो दहा घरांत पोचला होता.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. अढी सोडायची म्हणजे मराठीचा आग्रह सोडायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून भाषिक अल्पसंख्याकांसाठी सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम 350 अ सांगतं. कागद आपल्या भाषेत मागणं ही मागणी झाली. ती सरकारकडे करायची असते. पण त्या रागाने भाजीवाल्या अक्काशी तुसडेपणाने बोललो तर ती अढी झाली. अक्काने 1956 साली काही ठरवलेलं नाही. मागणीला उत्तर मिळालं की ती संपते. अढीचं तसं नसतं. ती रोज नवीन कारण शोधते.

मग ती कमी कशी होते? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन अभ्यासकाने 1954 साली लिहून ठेवलंय की नुसतं एकमेकांजवळ राहून भागत नाही. दोघांचा मान सारखा हवा, काम एकच हवं, ते मिळून करायला हवं आणि वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. नुसत्या सहवासाने अढी जाणार असती, तर वर्षानुवर्षं घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा कप आपण वेगळा ठेवला नसता.

आपल्या निपाणीने हे पाहिलंय. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. शेवटी पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. तंबाखूला पडेल भाव मिळाला तर मराठी घरातही चूल मंदावते आणि कानडी घरातही. दुःख एक आहे हे कळलं की शेजारी बसायला भाषा आड येत नाही.

आता आपल्या घरचं सांगतो. दत्तजयंतीच्या महाप्रसादाच्या सेवेची यादी आम्ही दरवर्षी करतो. एका कानडी गुरुभगिनींनी सहज विचारलं, “वाढायला आमचं नाव कधीच कसं येत नाही?” आम्ही जुन्या वह्या काढल्या. वाढणं, आरतीचं ताट, माइकवर बोलणं, सगळी नावं मराठी. भांडी घासणं आणि चपलांची राखण, बहुतेक नावं कानडी. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. आपोआप झालं होतं, आणि तेच जास्त लागलं. एका छताखाली बसत होतो, पण मान सारखा नव्हता. त्या वर्षी प्रत्येक सेवेला एक मराठी आणि एक कानडी अशी जोडी लावली, सूचना दोन्ही भाषांत दिल्या. काहीजण कुरकुरले. पण भांड्यांपाशी दोन तास एकत्र उभं राहिल्यावर एकमेकांच्या मुलांची लग्नं, गुडघेदुखी, पावसाची काळजी सगळं बोलून झालं. त्या घरांमध्ये आज येणंजाणं आहे.

खरं तर आपल्या संप्रदायात हे नवीन नाही. श्री नृसिंहसरस्वती स्वामी जन्मले वऱ्हाडात कारंज्याला. औदुंबर, नरसोबावाडी करत ते गाणगापूरला राहिले, आणि गाणगापूर आज कर्नाटकात आहे. ज्या गुरुचरित्राचं आपण पारायण करतो, ते लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या देवघरातली मराठी पोथी एका कानडी घरातून आली. तिथे आपण ‘तरी’ लावतो का?

या महिन्यात तीन गोष्टी करून बघूया.

1. राग आणणारा मेसेज आला की तो कधीचा, कुठला हे कळेपर्यंत पुढे पाठवायचा नाही.

2. बोलताना ‘ते लोक असेच’ असं तोंडात आलं, तर थांबून त्यातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव आठवायचं.

3. शेजारच्या कानडी घरी जाऊन “ऊटा आत्री?” एवढं तरी विचारायचं. जेवण झालं का, हे विचारायला कुठलाही निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.

आणि घरात कुणाच्या तोंडून तो ‘तरी’ निघाला, तर लहान मुलांनीही हळूच टोकावं. वडीलधाऱ्यांनी रागावू नये, ही विनंती.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥