कोर्टाची वाट कुणी चालायची?

रावेर-यावलकडचा शेतकरी केळी भरून देतो, गाडी दिल्लीला जाते आणि पैसे अडकतात. नोटीस देऊन झाली, फोन करून झाले. मग वकिलाच्या टेबलापाशी बसल्यावर पहिला प्रश्न निघतो तो वाटेचा. दावा टाकायचा कुठे, रावेरला की दिल्लीला? हक्काचा विचार त्याच्यानंतर. मला हा प्रश्न नेहमी दिवाणी कायद्याचा गाभा वाटत आला आहे, कारण ज्याला तारखेला पोचताच येत नाही त्याचा हक्क कागदावर कितीही पक्का असला तरी काय उपयोग?

हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजांनी आणलेला नाही. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले. गोतात समोरच्याचेच सोयरेधायरे बसलेले असले, तर तंटेकरी परस्थळ मागत असे, म्हणजे निवाडा दुसऱ्या ठिकाणच्या सभेने करावा अशी विनंती. निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून लिहून घेतला जाई, जामीन घेतले जात. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात ही पद्धत सविस्तर आली आहे. तिथे जागा बदलायची ती निःपक्षपातासाठी. अंतर सोसायची तयारी होती, पण पक्षपात सोसायची नव्हती.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणे केले आणि पुढे लिखित कायदे आले. त्यांच्या मुळाशी जुना रोमन विचार होता की वादीने प्रतिवादीच्या गावी जावे. अमेरिकेच्या १७८९ च्या न्यायालय कायद्यातही फेडरल कोर्टातला दिवाणी दावा प्रतिवादी जिथे राहतो किंवा जिथे सापडतो त्याच जिल्ह्यात लावायची अट होती. विचार न्याय्य आहे. दावा करणारा कागद, पैसा, वकील यांची जुळवाजुळव करून निघालेला असतो. ज्याच्यावर दावा होतो त्याला बेलिफ दारात येईपर्यंत पत्ता नसतो. मग वाट पहिल्याने चालावी.

पण १८५९ च्या दिवाणी संहितेने प्रतिवादीच्या गावाबरोबर दुसरे दारही उघडे ठेवले होते. दाव्यास कारण जिथे घडले, तिथेही दावा लावता येई. आजही मराठी दाव्यात ‘मे. कोर्टाचे स्थळसीमेत दाव्यास कारण घडले’ हे वाक्य त्यासाठीच लिहावे लागते. सावकाराला हे दार सोयीचे पडले. खत त्याच्या पेढीवर लिहिलेले, मग दावाही तिथल्या कोर्टात. कुणबी दूरच्या खेड्यात, पेरणीच्या घाईत. तो तारखेला गेला नाही की एकतर्फी हुकूमनामा. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात दंगा पेटला, पुणे-नगरच्या गावोगाव लोकांनी खतेपत्रे जाळली, त्यामागच्या रागात हे हुकूमनामेही होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात म्हणून ११ वे कलम आले. कर्जाच्या दाव्यात प्रतिवादी शेतकरी असेल, तर दावा तो राहतो तिथल्याच कोर्टात, अन्यत्र नाही. कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता, खानदेश त्यात नव्हता. तरी माझ्या मते हे एक कलम त्या साऱ्या कायद्यातले सर्वांत समजूतदार होते, कारण अंतर हेही सावकाराचे हत्यार असते हे त्याने ओळखले.

१९०८ ची संहिता आजही चालू आहे. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथे, पारोळ्याला आणि धुळ्याला मिळून जमीन असलेल्या भावांचा वाटणीचा दावा दोहोंपैकी कुठेही, पैशाचा दावा प्रतिवादीच्या गावी किंवा कारण घडले तिथे. विसाव्या शतकात मात्र माणसेच बदलली. आता दुबळा बहुधा दावा करणाराच असतो आणि समोर दूरच्या शहरातली कंपनी. कायद्याला हे उमगायला वेळ लागला. मुंबई-आग्रा रस्त्यावर अपघातात कर्ता माणूस गेला, तर त्याच्या बायकोला अपघात घडला त्याच भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करावा लागे. १९९४ च्या दुरुस्तीने ती स्वतः राहते तिथेही करता येऊ लागला. सुरतेला दिलेली अमळनेरची मुलगी माहेरी परतली, तर घटस्फोटाच्या अर्जासाठी तिला बहुधा सुरतेच्याच वाऱ्या कराव्या लागत. २००३ मध्ये हिंदू विवाह कायद्यात एक पोटकलम वाढले आणि अर्जदार पत्नीला ती राहते तिथले कोर्ट मिळाले. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदाराच्या गावच्या जिल्हा आयोगाचे दार उघडले.

या प्रवाहाच्या उलट जाणारी एक ओळ आहे, ती बिलांच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली असते: ‘सब्जेक्ट टू मुंबई ज्युरिस्डिक्शन’. जळगावहून मुंबई सुमारे ४२० किलोमीटर. ही ओळ वाचून कुणी माल घेतलेला मी पाहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हकम सिंग प्रकरणात सांगितले की दोन कोर्टांना अधिकार असेल तर करारात त्यांतले एक निवडता येते, पण मुळात अधिकार नसलेल्या कोर्टाला तो करार करून देता येत नाही. १९९१ च्या पटेल रोडवेजच्या निकालाने पुढचे पाऊल टाकले. वेलदोड्याचा माल तामिळनाडूतल्या शाखेत वाहतुकीला दिलेला, पावतीवर मुंबई. न्यायालय म्हणाले, कारण जिथे घडले तिथे कंपनीची शाखा असेल तर कंपनी तिथेच व्यवसाय करते असे धरायचे, मुख्य कचेरी मुंबईत आहे एवढ्याने मुंबईच्या कोर्टाला अधिकार येत नाही. जिल्ह्याच्या गावी शाखा थाटून गिऱ्हाईक मिळवायचे आणि भांडायला मात्र त्याला मुंबईला बोलवायचे, हे मला कधीच पटले नाही. त्यामुळे हा निकाल मोलाचा वाटतो.

केळीवाल्याला परत येऊ. सौदा रावेरला ठरला, माल तिथेच मोजून भरला, तर कारणाचा काही भाग तिथे घडला आणि दावा रावेरला चालू शकतो. सौद्याची चिठ्ठी आणि गाडी भरल्याची पावती त्याने जपून ठेवली पाहिजे. व्यापाऱ्याने सुरुवातीलाच हरकत घेतली आणि ती टिकली, तर दावा योग्य कोर्टात लावण्यासाठी परत मिळतो आणि चुकीच्या कोर्टात सद्हेतूने गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. समजा दावा रावेरलाच चालला, हुकूमनामाही झाला. व्यापाऱ्याची गाळा-मिळकत मात्र दिल्लीत. वसुलीची दरखास्त चालवायला तो हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे पाठवावा लागतो, आणि शेतकऱ्याला तिकडे वकील शोधावा लागतो.