वय आणि मरणाची धास्ती

मरणाचे भय वयाबरोबर सारखे वाढत जाते असे नाही. गेलेला माणूस परत येत नाही, एवढे पाच-सात वर्षांच्या मुलाला उमगते. तारुण्यात मरण ठाऊक असते, पण ते दुसऱ्याचे. संसाराच्या ऐन भरात मात्र ते टोचू लागते : लेकरे लहान असतात, कर्ज फिटलेले नसते. मानसशास्त्राच्या पाहण्यांतही म्हाताऱ्यांपेक्षा मध्यमवयीन माणसेच मरणाला अधिक भिताना आढळतात.

म्हातारपणी ही भीती सरत नाही, वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसते. वऱ्हाडी मुलखात काय किंवा इतरत्र काय, म्हाताऱ्या माणसांचे देवाकडे मागणे एकच असते : चालता-बोलता ने. धास्ती असते ती अंथरुणाला खिळण्याची, पाण्याच्या घोटासाठी सुनेची वाट पाहण्याची. घरचे मात्र ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून विषय तोडतात. यात माया असते, पण म्हाताऱ्याला जे बोलायचे असते ते राहूनच जाते.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या आठव्या अध्यायावर बोलताना विनोबा भावे छत्तीस वर्षांचे होते. शेवटच्या क्षणी मनात काय येईल हे जन्मभराच्या वळणावर ठरते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पन्नास वर्षांनी पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबवले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी देह ठेवला. छत्तिशीत सांगितलेले त्यांनी अखेरीला आचरून दाखवले. पण विनोबांच्या मागे संसार नव्हता. शेतकऱ्याच्या मरणाला हे माप लावणे अन्यायाचे आहे.

कारण म्हाताऱ्याच्या मनाची तयारी एका गृहीतावर उभी असते : आधी थोरले जातील. पश्चिम विदर्भात हा क्रमच मोडला. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वऱ्हाडातला वाशीमही होता. कर्ता मुलगा गेलेल्या घरात सत्तरीच्या बापाला ‘चालता-बोलता ने’ म्हणण्याचीही सोय उरत नाही. नातवंडांची शाळा, पेरणीची सोय, सावकाराचे देणे पुन्हा त्याच्याच अंगावर येते, आणि चाळिशीत ज्या कारणांनी मरण नकोसे होते, त्याच कारणांनी ते आता पुन्हा नकोसे होते.